मेंदूरावांना बहीण नाही

४ मार्च, मंगळवार

मेंदू आला! बोटीने. पेटी एवढी मोठी की धक्क्यावर दोघांनी विचारलं, कुणाचा फ्रीज? फोडली तर आत गुलाबी, वळ्यावळ्यांचा, माणसाएवढा मेंदू. खाली दोन पाय, बाजूला दोन पांढरे हातमोजे, आणि तोंडभर हसू. इतकं हसू की मला आधी रागच आला. आत माणसाने शिरायचं. डोळ्यांच्या जागी जाळी, पाठीत बॅटरीवरचा छोटा पंखा.

आमच्या ‘तरुण मन, निरोगी मन’ कार्यक्रमाला ही परदेशी देणगीदारांची भेट. मागच्या खेपेला त्यांनी पोस्टर पाठवलं होतं – एक मुलगा समुद्राकाठी एकटाच बसलाय, खाली लिहिलंय ‘स्वतःसाठी वेळ काढा’. आमच्या अख्ख्या वावाऊ बेटभर चिकटवलं मी ते! जिथे जाईन तिथे एकच प्रश्न – या पोराला नातेवाईक नाहीत का? काय गुन्हा केला याने? एका बाईने तर पोस्टरखाली उकडलेलं कोनफळ ठेवलं. म्हणे पोर उपाशी दिसतंय.

मेंदूबरोबर दोन नियम आलेत. आत बसलेल्याने एक शब्द बोलायचा नाही. आणि आत कोण आहे ते बाहेर कळू द्यायचं नाही.

आमचा ड्रायव्हर मोसेसे आत शिरला आणि ऑफिसच्या दारात अडकला. मी मागून ढकलतेय, डॉक्टर काफोआ – आमचे साहेब – पुढून ओढतायत. सुटल्यावर त्याने आरशात बघितलं. "लुपे, मी जन्मात एवढा हुशार दिसलो नव्हतो!"

५ मार्च

सेमीसीचं ताट आजही जवळजवळ तसंच परत आलं.

धाकटा भाऊ माझा. बावीस वर्षांचा. संत्री तोडायला ऑस्ट्रेलियाला गेला होता, नऊ महिन्यांच्या करारावर. चौथ्या महिन्यातच परत. का – कुणाला माहीत नाही. मागच्या खोपटात पडून असतो. गाण्याच्या सरावाला नाही, रग्बीला नाही, पुरुषांच्या बैठकीत कावाच्या मुळीचा काढा प्यायला नाही.

आणि मी? मी दिवसभर रेडिओवर ओरडते – मनातलं बोला! जवळच्या माणसाशी बोला! घरी आले की खोपटाच्या उंबऱ्यावर ताट ठेवते, खाकरते आणि मागे फिरते. बहीण ना मी! भावाच्या खोपटात बहिणीने पाऊल टाकायचं नाही. त्याच्या मनाबिनाचं, अंगाचं, प्रेमाचं अवाक्षर विचारायचं नाही आणि त्यानेही माझ्यासमोर काढायचं नाही. लहानपणी टीव्हीवर चुंबन आलं की आम्ही दोघं दोन दारांनी बाहेर. सिनेमाचा शेवट काय झाला ते दोघांनाही ठाऊक नाही. आई ऑकलंडला ताईची मुलं सांभाळतेय. वडील गेले. विचारणार कोण?

मला भीती वाटते. लिहूनच टाकते एकदाचं. एक दिवस ताट उचलायला जाईन आणि तो नसेल. खोपटात नसेल असं नव्हे. कुठेच नसेल.

९ मार्च, रविवार

चर्च. पुरुषांच्या रांगेत त्याची जागा अजून मोकळी ठेवतात. गाणं चालू असताना आत्याने दोनदा मागे वळून त्या जागेकडे बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील!

रेडिओवाल्यांनी आमची सूचना निधनवार्तांच्या बरोब्बर मधे वाचली. शब्द माझेच. "मेंदू बोटीने आला असून गुरुवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात आणण्यात येईल. सर्वांनी उपस्थित राहावे." वर ‘तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी’ असं मी लिहिलं होतं, ते म्हणे वेळ नव्हता म्हणून गाळलं!

सभागृहात शिरले तर अख्खं गाव काळ्या कपड्यांत. छातीपर्यंत सुतकाच्या चटया गुंडाळलेल्या. पुढे कोनफळांच्या टोपल्या, भाजलेलं डुक्कर, विणलेल्या चटयांचा ढीग. बायकांनी सूर धरलेला. आणि ठरल्याप्रमाणे माझ्या पोरट्या मदतनिशीने टेपवर नाचाचं गाणं लावलं आणि मोसेसे – तो हसरा गुलाबी मेंदू – नाचत नाचत आत आला!

गाणं थांबलं. मग पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मान लववली आणि खाली बसला. मागोमाग सगळे जमिनीवर. मानाच्या माणसाच्या डोक्याच्या वर कुणी उभं राहायचं नसतं, आणि हे तर आतलं डोकं! बायका रडायला लागल्या. रडायला आलेल्या माणसाला रडू द्यावंच लागतं. आतून मोसेसे कुजबुजला, "लुपे, कोण गेलं?"

मी ओरडून सांगितलं, कुणी गेलेलं नाही! गावप्रमुख म्हणाले, "मग हा मेंदू कुणाचा?"

"कुणाचा नाही. म्हणजे... आपल्या सगळ्यांचा."

त्यांनी मेंदूला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे मोठ्या घराण्यातला," म्हणाले. झालं, ठरलं!

आणलेलं डुक्कर परत नेत नाहीत. ते गाडीत, मेंदूच्या मांडीवर ठेवून आणलं.

१४ मार्च

साहेब – "उपस्थिती किती?"

मी – "अख्खं गाव. रडलं सुद्धा."

साहेब – "रडलं! मनाला भिडलं म्हणायचं. उत्तम, उत्तम!" देणगीदारांना आजच कळवतायत.

२० मार्च, गुरुवार

पाद्रीबाईंनी सकाळीच मला कोपऱ्यात घेतलं. "एवढ्या मोठ्या घराण्यातला, आणि कमरेला चटई नाही? पोरांसमोर हा असा... उघडा?" मी म्हटलं, बाई, मेंदू आहे तो. "मग त्याला तर कळायला हवं!" म्हणाल्या.

मग आमची आत्या – लोसालीने तिचं नाव – माप घ्यायला दोरी घेऊन आली. वडिलांची थोरली बहीण, आमच्या घरात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही – वडील सुद्धा तिच्यासमोर बोट उचलून बोलले नाहीत कधी. मेंदूला कंबर कुठे असते यावर तिचा आणि मोसेसेचा वाद झाला. शेवटी दुसऱ्या वळीखाली कंबर ठरली. तिने आजोबांची जुनी, मऊ पडलेली चटई आणली आणि स्वतः गुंडाळली. "हसतोय तर हसू दे. पण अंगभर नेसून हसू दे."

खरी पंचाईत पुढे. आज बोलायचं होतं उदासीबद्दल, प्रेमाबद्दल, शरीराबद्दल. मुली सभागृहात, मुलगे नीरफणसाखाली – इथपर्यंत ठीक. पण मुलग्यांशी बोलणार कोण? मी बाई, आणि त्यातले निम्मे माझे चुलत-मावस भाऊ, म्हणजे भाऊच! मुलींशी डॉक्टरनेच बोलायचं असं देणगीदारांचं फर्मान, म्हणून तिकडे साहेब. तर साहेबांचं आजोळ इथलंच निघालं, समोर बसल्या त्या सगळ्या बहिणी. ते ‘किशोरवयात...’ एवढं म्हणाले, घामाघूम झाले आणि हवामानावर बोलले! चक्रीवादळाची तयारी कशी करावी. पाऊण तास.

मग मलाच सुचलं, की वैतागून झालं, देव जाणे. एका वर्गात मेंदूला खुर्चीवर बसवलं. समोर दुसरी खुर्ची. दार लोटलेलं. ज्याला वाटेल त्याने एकेकट्याने जावं, बसावं, वाटलं तर बोलावं. मेंदू कुणाचा भाऊ नाही, कुणाची बहीण नाही, त्याला आत्या नाही!

कुणी जाईना. मग एक मुलगी गेली. बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, पण मैत्रिणीच्या पाठीत धपाटा घालून हसली. त्यानंतर रांग लागली. मुलग्यांची सुद्धा.

परतताना मी मोसेसेला विचारलं, तुझ्याही बहिणी असतील की त्यात? म्हणाला, "जाळीतून धड दिसत नाही. दिसत नाही तर नातं कसलं!" पुढे घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. मोसेसे! जो गाडी चालवताना कुत्र्यांशी सुद्धा बोलतो.

२७ मार्च

मेंदू आता मेंदूराव झालेत. मी या वहीत म्हणते ‘राव’, लोक तर त्यांच्याशी सरदारांशी बोलावं तसं बोलतात. "आपण विराजमान व्हावं!" काल कावाच्या बैठकीचं निमंत्रण आलं. मेंदूरावांना कुठे बसवायचं यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. एक म्हणे, माझ्या उजवीकडे. दुसरा म्हणे, तुझ्या डोक्यात ते कधी होते? शेवटी दोघांच्या मधे बसवलं. मोसेसेने जाळीतून नळी घालून कावाच्या करवंट्यांवर करवंट्या रिचवल्या. आतून नाही म्हणता येत नाही ना – नियम! उठायला गेला, पाय बधिर झालेले, पायऱ्यांवरून खाली. मेंदूला काही झालं नाही. मोसेसेची पाठ गेली.

२८ मार्च

आज आत मी.

आत भट्टी. पंखा नुसता घरघर करतो. मोसेसेच्या घामाचा आणि डब्यातल्या मांसाचा वास. पण ऐकायला मिळालं ते... नाही, इथेही लिहिणार नाही. त्यांचं आहे ते. एकच लिहिते. एक आजोबा शेजाऱ्याच्या डुकराबद्दल अर्धा तास बोलले. तरुणांचा कार्यक्रम, पण त्यांना कोण अडवणार? उठताना म्हणाले, "चाळीस वर्षांत तुम्हीच पहिले, ज्यांनी मधे तोंड घातलं नाही."

आणि तेव्हा डोक्यात आलं. सेमीसी! माझ्याशी बोलायचं नाही ना त्याने? नको बोलूस बाबा. मेंदूरावांशी बोल!

मला माहीत आहे ही लबाडी आहे. बहीण ती बहीणच, गुलाबी कापडाआड बसली तरी. पण दुसरं काय करू?

१ एप्रिल, मंगळवार

आमच्या गावातच ठेवला कार्यक्रम. मी शहरात, नेयाफूला मीटिंगला गेले आणि आत मोसेसे आहे, अशी हूल उठवली. आत्याला सांगून ठेवलं होतं – सेमीसीला पाठव. आत्याने जा म्हटलं की जायचं असतं.

बसले. पोरं आली, गेली. दर वेळी दार करकरलं की मी जाळीला डोळा लावते. तो नाही. तो नाही. तो नाही.

शेवटी आली ती आत्या! दार लावलं, खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली आणि सुरू झाली. "माझी भाची लुपे. मोठी साहेबीण. गावभर पोस्टरं लावते, बोला म्हणून. घरात ताट ठेवते नि पळते." मी आत लालबुंद. "तिचा दोष नाही. ती बहीण. पण मी तर आत्या! मी सरळ खोपटात जाऊन त्याची चादर ओढू शकते. तीन महिने झाले, गेले नाही. का माहितीये? विचारलं तर तो सांगेल. सांगितलं तर मला ऐकावं लागेल. मला नाही हो ते झेपायचं. आत्यांना घाबरायला कुणी शिकवलेलंच नसतं."

रडली. आत्या! मी हातमोजा पुढे करणार होते, पण तिने तो बाजूला सारला, माझ्या कमरेची चटई नीट केली आणि निघून गेली.

सेमीसी आला नाही.

२ एप्रिल

ताट. एक घास गेलेला.

८ एप्रिल, मंगळवार

मोसेसे आज परत कामावर. मी पोचले तोवर आत जाऊन बसलाही होता. परत आमच्याच गावात ठेवलं, मी हट्टाने ठेवायला लावलं. आज तरी येईल. नाहीच आला. चार वाजेपर्यंत सगळी पोरं पांगली. मी आवरायला आत गेले तर मेंदूराव खुर्चीत तसेच बसून. समोरची खुर्ची मोकळी. बसले. पायच दुखत होते, दुसरं काही नाही. आणि मग तोंड सुटलं.

म्हटलं, मोसेसे, डोकं काढू नकोस, तसाच ऐक. डोकं काढलंस तर मला बोलता येणार नाही. म्हटलं, मला या कामाचा वीट आलाय. मी साऱ्या बेटांना बोलतं करते आणि माझा भाऊ माझ्या स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर मुका होत चाललाय. संध्याकाळी भांडी घासताना मी नळ मधे मधे बंद करते – खोपटातून खोकला ऐकू येतो का बघायला. आला की परत सुरू करते. तिकडे त्याला कुणी मारलं, कुणी फसवलं, की कुणी मेलं त्याच्या डोळ्यांसमोर, मला नाही ठाऊक, आणि मला कारण नकोच आहे. तो नुसता असू दे. काही काम नको करू दे, गाणं नको म्हणू दे, आयुष्यभर त्या खोपटात लोळू दे, मी ताटं ठेवीन. पण असू दे. तो नसला तर मी कुणाची बहीण, मोसेसे?

मोसेसे एरवी ऐकताना मान डोलावतो, त्याच्याबरोबर अख्खा मेंदू हलतो. आज ढिम्म. वाटलं, डुलकी लागली असेल. बरंच झालं! मी आणखी मोकळी झाले. म्हटलं, आणि आता आणखी एक ऐक. मी इथेच अडकून का आहे, ऑकलंडला का जात नाही, सगळे विचारतात. बोटीवरचा इंजिनियर काटोआ. हो, तोच, टकल्या! दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मेंदूची पेटी उतरवली ना, तेव्हा वरच्या डेकवर त्याने मला जवळ ओढलं आणि –

मेंदूराव ताडकन उठले! खुर्ची उलटी. धावत सुटले ते थेट दारात अडकले. धडपडले, दोन्ही हातमोज्यांनी चौकट ढकलली, चटई अर्धी सुटली आणि फट्कन बाहेर पडून अंगणातून दिसेनासे. कोंबड्या चारी दिशांना.

काय हा उद्धटपणा! चांगला दोन पोरांचा बाप आहे मोसेसे. चुंबनाची गोष्ट निघाली तर एवढं काय?

९ एप्रिल

जमीन दुभंगावी आणि मला आत घ्यावं!

सकाळी ऑफिसात गेले तर मोसेसे जमिनीवर उताणा, पाठीखाली उशी. मी म्हटलं, काल पळालास ते पळालास, निदान चटई तरी नीट ठेवायचीस. तो म्हणाला, "काल? काल मी दिवसभर हा असा. पाठ परत धरली सकाळी. तुझ्या आत्याला निरोप धाडला होता ना, कुणालातरी घाला आत म्हणून."

"कुणाला घातलं?"

"सेमीसीला. म्हणाली, नाहीतरी पडूनच असतो, मेंदूत पडेल."

मी गाडीत जाऊन काचा वर करून बसले. किती वेळ, देव जाणे. डोक्यात नुसतं – डेक! काटोआ! टकल्या! भावासमोर! बहिणीच्या तोंडून! अशी गोष्ट आमच्या सात पिढ्यांत घडली नसेल. बिचारा पळाला नाही तर काय करेल. आणि मग एकदम लक्षात आलं की पळाला तो काटोआपाशी. त्याच्या आधीचं सगळं त्याने बसून ऐकलं. सगळं. उठला नाही.

घरी जायचं धाडस झालं नाही, आत्याकडे गेले. अळूच्या पानातलं मांस पुढ्यात ठेवलं. "काल मेंदू कसा होता?" चेहरा दगडासारखा.

"आत्या, तुला सगळं माहीत होतं!"

"मला काय माहीत? माझ्या बापाची चटई आहे त्याच्या कमरेला, तेवढं माहीत."

"आणि पहिल्या तारखेला? तेव्हा आत कोण होतं ते?"

आत्याने माझ्या ताटात आणखी एक वाढलं. "मोसेसे पाय फाकून बसतो. तू गुडघे जुळवून बसतेस. जेव."

१० एप्रिल

संध्याकाळी मी डुकराला खायला घालत होते. सेमीसी खोपटातून बाहेर आला आणि कुंपणापाशी उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही, डुकराकडे बघत होता. मीही डुकराकडे.

"आत बसलेल्याने बोलायचं नाही, असा नियम आहे ना?"

मी डुकराला सांगितलं, आहे.

"मग उद्या मोसेसेला नको. आत तू बस."